माळ गळ्यात राहू द्या, रक्त तपासून घेऊ : श्रद्धाळू माणसांशी विज्ञानाविषयी बोलताना

पावसाचा जोर वाढला की मुंबईत काविळीचे रुग्ण वाढतात आणि चाळींच्या गॅलऱ्यांमधून गळ्यात काविळीची माळ घातलेली मुलेही दिसू लागतात; कावीळ उतरेल तशी ही माळ लांबते, असे मानतात. परळच्या एका शाळेत मी तीस वर्षे विज्ञान शिकवले आणि त्या काळात ही माळ किमान तीनदा जाहीरपणे 'उघडी पाडली'. झाडाच्या देठाचे ताजे तुकडे दोऱ्यात विशिष्ट गाठींनी अडकवलेले असतात, ते सुकून आकसले की गाठींतला दोरा मोकळा होतो आणि माळ लांबते. कावीळ उतरल्यामुळे ती लांबत नाही. तिसऱ्या वेळी हे व्याख्यान मी आमच्याच मजल्यावर, चार बिऱ्हाडांसमोर, एका काकूंना दिले, ज्यांचा मुलगा माळ घालून बाजूलाच बसला होता. काकूंनी सगळे ऐकून घेतले, "तुमचं बरोबर असेल, सर," म्हणाल्या आणि दार लोटून घेतले. मुलगा बरा झाला आणि माळेचा मान वाढला. पुढच्या वर्षी त्यांच्या सासऱ्यांना कावीळ झाली, ती पित्तनलिकेत अडकलेल्या खड्यामुळे होती, आणि हे कळेपर्यंत पाच आठवडे माळेत आणि पथ्यात गेले. शस्त्रक्रिया होऊन ते वाचले. त्या पाच आठवड्यांत काकू रोज माझ्या दारावरून नळावर जात होत्या, पण त्यांनी मला एका शब्दाने विचारले नाही.

माझ्या स्पष्टीकरणात चूक नव्हती. पण ज्या दिवशी ते ज्ञान उपयोगी पडले असते, त्या दिवशी ते विचारायला माझ्याकडे यावे असे त्यांना वाटू नये, अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती. पुढील पायऱ्या त्यानंतरच्या वर्षांत, बऱ्याच चुका करत, जमवलेल्या आहेत. त्या श्रद्धा घालवण्यासाठी नाहीत. माणसाच्या श्रद्धेत गुंतलेला जो एखादा तपासता येण्याजोगा दावा असतो, तेवढाच बाजूला काढून त्याच्यासोबत तपासावा आणि उरलेल्या श्रद्धेला हात लावू नये, यासाठी आहेत.

बोलायचे कशासाठी, हे आधी ठरवावे

न्यायसूत्रे या प्राचीन तर्कशास्त्राच्या ग्रंथात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य कळावे म्हणून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचे केवळ खोडून काढणे ही वितंडा. आज आपण 'वाद घालू नकोस' असे म्हणतो तेव्हा आपल्या मनात जल्प किंवा वितंडा असते. मूळ वाद हा दोघांनी मिळून करायचा उद्योग आहे. तोंड उघडण्यापूर्वी मी यांपैकी काय करायला निघालो आहे, हे स्वतःला विचारावे. खरी खूण अशी की समोरचा बरोबर निघाला तर आपल्याला बरे वाटेल की वाईट, याची मनातल्या मनात कल्पना करून पाहावी. वाईट वाटणार असेल तर चहा घ्यावा आणि क्रिकेटबद्दल बोलावे.

अनेकदा न बोलणे हेच योग्य असते. सोमवारी बाबुलनाथाला जाणारा शेजारी, बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेना प्रार्थनेला उभी राहणारी कार्यालयातील सहकारी, गुरुवारी उपास करणारी मोठी वहिनी, यांपैकी कुणी आपल्याला मत विचारलेले नसते आणि कुणाचे नुकसानही होत नसते. तिथे मत द्यायला जाणे म्हणजे बोलावणे नसताना पंगतीत जाऊन बसणे.

वाक्य कोणत्या जातीचे आहे, ते ओळखावे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि विज्ञान शिकलेली माणसे तिथेच घाई करतात. श्रद्धाळू माणसाच्या तोंडचे प्रत्येक वाक्य हे जगाविषयीचे विधान नसते. "बाप्पाच्या पायावर डोकं ठेवलं की शांत वाटतं," हे त्या माणसाने स्वतःच्या मनाविषयी दिलेले वृत्त आहे. त्याला पुरावा मागणे हे 'मला आईची आठवण येते' याला पुरावा मागण्याइतकेच विचित्र आहे. "आमच्या घरात गौरी उभ्याच्या असतात, बसत नाहीत," हे कुळाचे सांगणे आहे. "पोराला नोकरी लागली तर प्रभादेवीच्या सिद्धिविनायकापर्यंत चालत जाईन," हा एका नात्यातला शब्द आहे. सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचा हात किंवा पाय वाहणारी बाई मेणाने हाड जुळते असा सिद्धांत मांडत नसते. तिला आपले दुखणे कुणाच्या तरी पुढे ठेवायचे असते, आणि त्या जत्रेत सर्व धर्मांची माणसे असतात.

आता हे वाक्य पाहावे: "ग्रहणात गरोदर बाईनं भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो." हा मात्र दावा आहे. तो खरा किंवा खोटा असू शकतो आणि तपासता येतो. त्याच्या पुढचे वाक्य, "म्हणून सुनेनं ग्रहण सुटेपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं नाही," हा निर्णय आहे आणि त्याचा परिणाम तिसऱ्याच व्यक्तीच्या शरीरावर होतो. आपण बोलायचे ते दाव्याविषयी आणि निर्णयाविषयी. दाव्यापेक्षा निर्णयाविषयी बोलणे बहुधा सोपे जाते, कारण निर्णय बदलायला श्रद्धा बदलावी लागत नाही.

सन 2022 मध्ये लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी, 25 ऑक्टोबरला, खंडग्रास सूर्यग्रहण होते आणि मुंबईत सूर्य ग्रहण लागलेल्या स्थितीतच मावळला. आमच्या ओळखीच्या एका घरात सातव्या महिन्यातील सून होती. तिच्या सासूबाईंशी बोलताना मी पहिल्यांदा जे खरे आहे ते मान्य केले: ग्रहणातील सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले तर डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते, तेव्हा तिला बाहेर न्यायचे नसेल तर त्यात काहीच गैर नाही. मग मी सांगितले की बाळाचा वरचा ओठ गर्भारपणाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून तयार होतो. सातव्या महिन्यात तो कधीच पूर्ण झालेला असतो आणि त्यानंतर विळीवर काहीही चिरले तरी तो फाटत नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता धोका टळला?" मी हो म्हटले. विळी त्यांनी तरीही माळ्यावर ठेवली, पण सुनेला वेळेवर पाणी आणि गोळ्या मिळाल्या. माझ्या दृष्टीने तेवढे पुरेसे होते, आणि ज्यांना ते अर्धवट वाटते त्यांनी सात महिन्यांच्या पोटाने दिवसभर तहानलेले राहण्याचा विचार करावा.

वेळ आणि जागा

आरतीच्या वेळी, विसर्जनाच्या मिरवणुकीत, सुतकाच्या घरात, हॉस्पिटलच्या खाटेशेजारी आणि पाहुण्यांसमोर हा विषय काढू नये. घरच्या व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच काढू नये, कारण तिथे समोरच्याला चाळीस नातेवाइकांच्या देखत माघार घ्यावी लागते आणि तशी माघार कुणीच घेत नाही. मला सर्वांत उपयोगी ठरलेली जागा म्हणजे दोघांनी मिळून काहीतरी करत असण्याची: भाजी निवडताना, शिवाजी पार्कला फेरी मारताना, किंवा दोघांना शेजारी खिडकी मिळालेली असेल तर दुपारच्या रिकाम्या लोकलमध्ये. अशा वेळी नजरेला नजर द्यावी लागत नाही आणि मधल्या शांततेचे कुणाला ओझे होत नाही.

आधी त्यांची बाजू त्यांच्याहून चांगली मांडावी

आपल्याकडील शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तरपक्ष मांडता येत नसे, आणि तो पूर्वपक्ष असा मांडायचा की प्रतिपक्षाने मान डोलवावी. माळेच्या बाबतीत मी हे कधीच केले नव्हते. ते केले असते तर असे म्हणावे लागले असते: "काकू, तुमच्या माहितीतल्या दहा मुलांना माळ घातली आणि दहाही बरी झाली. हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. मग माळेवर विश्वास ठेवणं हा वेडेपणा नाही, उलट पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणं आहे."

हे बोलणे खोटी नम्रता नाही, कारण अनुभव खराच आहे. पावसाळ्यात मुलांना होणारी कावीळ ही बहुतेक वेळा दूषित पाण्यातून किंवा अन्नातून आलेल्या हिपॅटायटिस 'ए' विषाणूची असते आणि ती विश्रांतीने काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ घातली तरी होते, न घातली तरी होते. त्यामुळे माळ देणाऱ्याच्या खात्यावर यशांची रास जमत जाते, आणि जे थोडे रुग्ण बरे होत नाहीत ते परत त्याच्याकडे न जाता हॉस्पिटलात जातात, म्हणून अपयश त्याच्या खात्यावर दिसतच नाही. सर्पदंशावरील मंत्राचे गणित हेच आहे. आरे कॉलनीच्या पाड्यांवर किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला चावणारे बरेच साप बिनविषारी असतात, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचा प्रत्येक दंशही विष सोडतोच असे नाही. अशा दंशांतून वाचलेल्या सगळ्यांचे श्रेय मांत्रिकाला मिळते. अंगात विष भिनलेल्या माणसाला मात्र प्रतिविषाशिवाय दुसरा आधार नसतो.

एवढे समजले की समोरच्याला 'तुम्ही फसलात' असे म्हणण्याची गरज उरत नाही. 'तुम्ही जे पाहिलंत ते खरं आहे, फक्त ते कशामुळे घडलं हे आपण नीट पाहू' असे म्हणता येते, आणि या दोन वाक्यांमधील अंतर दार उघडे राहणे आणि लागणे यांमधील अंतर असते.

प्रश्न विचारावेत, पण पोलिसी नव्हेत

गाडगेबाबा कीर्तनात साधे प्रश्न विचारत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच काढून घेत. ते हातात खराटा घेऊन गाव झाडून मग कीर्तनाला उभे राहत, त्यांचा शेवट नामघोषाने होई, आणि त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते. त्यांचे प्रश्न लोकांना झोंबले तरी बोचले नाहीत, याचे कारण प्रश्नाच्या शब्दांत नव्हते, तर आधी झाडलेल्या रस्त्यात होते. तेव्हा ज्या शेजाऱ्याच्या अडीअडचणीला आपण कधी धावलो नाही, त्याला प्रश्न विचारण्याचा आपला अधिकार तोकडा आहे, हे मनात असू द्यावे.

चांगला प्रश्न तो, ज्याचे उत्तर आपल्याला आधीपासून ठाऊक नसते. "देव आहे तर जगात दुःख का?" हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असते, आणि प्रत्येक धर्माच्या विचारवंतांनी त्यावर आपल्या आधी शेकडो वर्षे डोके शिणवलेले आहे. त्याऐवजी "तुम्हांला हे कुणी सांगितलं?", "गुण किती दिवसांत येतो?", "आला नाही तर कसं ओळखायचं?", "तेव्हा काय करायचं ठरलंय?" असे प्रश्न विचारावेत. शेवटचे दोन विशेष मोलाचे आहेत, कारण कोणत्या परिस्थितीत आपले म्हणणे चुकीचे ठरेल, हे ते माणसालाच ठरवू देतात. आणि मग हेच प्रश्न त्याने आपल्याला उलट विचारले तर उत्तर द्यायची तयारी ठेवावी. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी मला विचारले होते, "सर, अणू तुम्ही पाहिलात का?" मी पाहिला नव्हता. तो आहे हे कोणत्या पुराव्यांवरून मानतो, हे त्यांना समजेल असे सांगायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि त्या दोन संध्याकाळींत मीच जास्त शिकलो.

सांगण्यापेक्षा मिळून करून पाहावे

ज्यांना 21 सप्टेंबर 1995 आठवतो त्यांना सकाळपासून देवळांबाहेर लागलेल्या रांगा आणि दुधाचा तुटवडा आठवत असेल. गणपती दूध पितो ही बातमी दिल्लीहून निघून दिवसभरात देशभर आणि परदेशातही पोहोचली. चमच्यातील दूध मूर्तीला टेकवले की पृष्ठताणामुळे ते कडेवरून ओढले जाते आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळते. पांढऱ्या किंवा ओल्या मूर्तीवर तो ओघळ दिसत नाही. सरकारी वैज्ञानिकांनी दुधात रंग मिसळून तो दाखवला तेव्हा तो सहज दिसला.

हा प्रयोग आजही करण्याजोगा आहे, पण कसा करावा याला महत्त्व आहे. कुणाच्या देवघरातील मूर्ती मागू नये. शोकेसमधला मातीचा हत्ती किंवा कपाची उलटी बाजू चालते. चमचा आपल्या हातात न घेता समोरच्याच्या हातात द्यावा. निष्कर्ष आपण उच्चारू नये. मी एकदा "बघा, दूध कुठं गेलं ते!" असे विजयाने ओरडलो आणि प्रयोग यशस्वी होऊनही संभाषण संपले. दुसऱ्या एका घरी गप्प बसलो, तर तिथल्या आजी दहा मिनिटे हत्तीला दूध पाजत राहिल्या आणि मग हसून म्हणाल्या, "त्या दिवशी मी दीड तास रांगेत होते हो."

तपासणीची पद्धत दोन्ही बाजूंना आधी मान्य असावी, हे जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात केलेल्या फलज्योतिषाच्या चाचणीतून शिकण्यासारखे आहे. त्यांनी हुशार विद्यार्थ्यांच्या 100 आणि मतिमंद मुलांच्या 100 कुंडल्या घेतल्या आणि जाहीर आवाहन करून ज्योतिषांना त्या ओळखण्यासाठी बोलावले. ज्या 27 ज्योतिषांनी उत्तरे पाठवली त्यांना प्रत्येकी 40 कुंडल्या दिल्या होत्या, आणि बरोबर उत्तरांची सरासरी 46 टक्के आली, म्हणजे नाणे उडवून जेवढी यावी त्याच्याच आसपास. कुणाची टवाळी नाही, कुणाच्या पोथीवर भाष्य नाही. तुमचे शास्त्र जे करू शकते असे म्हणते ते करून दाखवा, एवढेच.

घाईच्या प्रसंगी मात्र प्रयोगाला वेळ नसतो. ऑगस्ट 2006 मध्ये माहीमच्या समुद्राचे पाणी गोड झाल्याचे समजताच लोक बाटल्या भरभरून ते पिऊ लागले. मिठी नदीतून पावसाचे पाणी त्याच खाडीत येते आणि ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने वर राहते, हे स्पष्टीकरण नंतरही देता आले असते. त्या रात्री सांगण्यासारखी गोष्ट एकच होती, की या पाण्यात शहराचे सांडपाणी आहे, घरी न्यायचे तर न्या, पण मुलांना पाजू नका.

आतला माणूस शोधावा

सन 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि वाल्देमार हाफकीन यांनी इथेच लस तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. गोऱ्या सरकारच्या सुईवर लोकांचा विश्वास नव्हता, आणि सरकारचे तेव्हाचे वागणे पाहता तो का असावा, हाही प्रश्नच होता. त्या वेळी विशीच्या उंबरठ्यावर असलेले खोजा मुसलमानांचे धर्मगुरू तिसरे आगा खान यांनी लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि आपल्या अनुयायांना तसे करायला सांगितले. वैज्ञानिकाच्या कोणत्याही तक्त्याने जे झाले नसते ते त्यामुळे झाले. सव्वाशे वर्षांनी, 2022 च्या अखेरीस, गोवंडीत गोवराची साथ आली तेव्हाही लसीकरणासाठी महापालिकेला मौलवींची मदत घ्यावीशी वाटली.

म्हणून काकूंना पटवायचे तर त्यांच्या भजनी मंडळातील निवृत्त परिचारिका माझ्यापेक्षा लाखपटीने योग्य आहे. परंपरेच्या आतही तर्काची वाट असते, ती दाखवावी. ग्रहण राहूमुळे न होता सावल्यांमुळे होते हे आर्यभटाने इसवी सन 499 च्या सुमारास लिहून ठेवले आहे, आणि हे सांगितल्यावर ग्रहणाबद्दलचे विज्ञान 'तुमचे पुस्तकी' राहत नाही. मलबार हिलवरील डुंगरवाडीचे, म्हणजे पारशी लोक मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवतात त्या जागेचे, उदाहरणही मी देतो. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधामुळे गिधाडे मेली, हे कळल्यावर 2006 मध्ये त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. तोवर गिधाडे जवळजवळ संपली होती, आणि पारशी समाजाने तिथे सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवली. त्यावर त्यांच्यात अजून मतभेद आहेत, पण ते मतभेद त्यांचे त्यांनी करायचे आहेत.

'सगळ्यामागे विज्ञान आहे' म्हणणाऱ्यांशी

हल्ली विज्ञानाला विरोध करणारे कमी भेटतात. प्रत्येक रूढीमागे विज्ञान असल्याचे सांगणारेच जास्त भेटतात. त्यांच्याशी बोलणे अधिक अवघड, कारण शब्द आपलेच असतात. मी इथे दोन गोष्टी करतो. ज्या शास्त्रीय परंपरेचा अभिमान योग्य आहे, तिचा अभिमान मी आधी आणि मनापासून व्यक्त करतो. मग विचारतो की हे मोजले कुणी, कशाने मोजले, आणि उलटे आढळले असते तर रूढी सोडली असती का. रूढी सोडणार नसू तर तिला विज्ञानाचा टेकू देण्याची गरजही नाही. आवडते म्हणून तुळशीला पाणी घालतो, असे म्हणायला संकोच कशाचा?

आपल्या बाजूनेही अतिरेक टाळावा. विज्ञानाने देव नसल्याचे सिद्ध केले आहे, असे म्हणू नये, कारण तसे झालेले नाही. उपग्रहाच्या उड्डाणापूर्वी त्याची प्रतिकृती तिरुपतीला ठेवणारे शास्त्रज्ञ आपल्या देशात आहेत आणि त्यांचे उपग्रह कक्षेत पोहोचतात. ठाऊक नसेल तिथे 'ठाऊक नाही' म्हणावे, आणि ते एकदा तरी म्हणावेच. त्याशिवाय आपल्या 'ठाऊक आहे'ला किंमत येत नाही.

दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याशी

स्वतःच्या घरच्या रूढींवर आपण जितके बोललो असू, त्यापेक्षा जास्त दुसऱ्याच्या धर्मावर बोलू नये, हा माझा नियम आहे. एका मुसलमान सहकाऱ्याला जगभरच्या मुसलमानांबद्दल जाब विचारणे ही चर्चा नव्हे. मार्च 2012 मध्ये विलेपार्ल्याच्या इर्ला भागातील चर्चबाहेरच्या क्रूसावरून पाणी ठिबकू लागले, लोक ते तीर्थ म्हणून घेऊ लागले, तेव्हा बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडमरुकु यांनी तुंबलेल्या गटाराचे पाणी केशाकर्षणाने भिंतीतून चढत असल्याचे दाखवले. दूरचित्रवाणीवरील चर्चेत मात्र विषय गटारापुरता राहिला नाही, चर्चच्या हेतूंवर आरोप झाले, धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावे लागले. तक्रारी करणाऱ्यांचे वागणे मला आजही अन्यायाचे वाटते. गटाराचे निदान करणे हा गुन्हा असू शकत नाही. तरीही त्यातून एक व्यावहारिक गोष्ट मी घेतली: पाणी कुठून येते हे सांगायचे आणि थांबायचे, पाणी पिणाऱ्याच्या किंवा पाजणाऱ्याच्या मनात काय आहे हे आपल्याला दिसत नाही.

मृदू राहू नये अशा जागा

उपचार थांबवले जात असतील, मूल लसीवाचून राहत असेल, अंगात आलेल्या बाईला मारहाण होत असेल किंवा कुणी बाबा पैसे आणि शरीर लुबाडत असेल, तर पूर्वपक्ष मांडत बसू नये. नरेंद्र दाभोलकर यांनी देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला आहे, ही भूमिका शेवटपर्यंत सांगितली; 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघून डिसेंबरात त्याचा कायदा झाला. त्यात सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यात गुन्हा आहे. पूजा, वारी, कीर्तन, प्रवचन यांना तो कायदा लागू होत नाही, हे श्रद्धाळू माणसाला आवर्जून सांगावे, कारण त्याच्या कानावर उलटेच आलेले असते. संविधानाच्या 51क (ज) कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य आहे आणि 25 व्या कलमात श्रद्धेचे स्वातंत्र्य आहे. ही दोन्ही एकाच पुस्तकात असल्याचे मी दोन्ही बाजूंच्या मंडळींना दाखवतो.

थांबावे कसे

आवाज चढला, तीच गोष्ट तिसऱ्यांदा बोलली गेली, किंवा समोरचा "असेल बुवा" म्हणाला, की थांबावे. "असेल बुवा" याचा अर्थ पटले असा नसतो. विषय आपणच बदलावा आणि दुसऱ्या दिवशी भेटून दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलावे, म्हणजे कालची चर्चा हे भांडण नव्हते हे दोघांनाही कळते. मत बदलले तर ते आपल्या गैरहजेरीत बदलते.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्याच काकूंच्या नातवाला कावीळ झाली. मी भाजीची पिशवी घेऊन गॅलरीतून येत होतो, नातू माळ घालून बसला होता.

"माळ कधी घातली, काकू?"

"शुक्रवारी."

"गुण कधी येतो म्हणतात?"

"तीन आठवडे."

"आणि नाहीच आला तर?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. सासऱ्यांची आठवण आम्हां दोघांनाही होती आणि ती मी काढली नाही. "मग न्यायचं दवाखान्यात," त्या म्हणाल्या.

"मध्यंतरी तो साचलेल्या पाण्यातून चालत शाळेत गेला होता ना? अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टो तापानंही डोळे पिवळे होतात, त्याला औषध लवकर लागतं. माळ गळ्यात राहू द्या, पण उद्या रक्त तपासून घेऊ. मी येतो हवं तर."

त्यांनी 'बघू' म्हटले आणि मी माझ्या खोलीत गेलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजले. काकू दारात उभ्या होत्या, हातात केईएम हॉस्पिटलचा कागद होता आणि चष्मा घरी विसरलेला. "सर," त्या म्हणाल्या, "हे बिलिरुबिन किती असावं लागतं हो?"